मशीनच्या मनाचं नंतर बघू, आधी टीमच्या डोक्यात काय उरलंय ते बोला

कोथरूडहून हिंजवडी फेज थ्रीला जायचं-यायचं म्हणजे रोजचे अडीच-तीन तास जातात, आणि गेलं दीड वर्ष त्या सगळ्या वेळात माझ्या कानात एआयवरचे पॉडकास्ट चालू असतात. मोठमोठ्या लॅबमधली माणसं, तीन-तीन तास बोलतात, छान बोलतात, शिकायला मिळतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विषय सॉफ्टवेअरचा निघाला की थोड्या वेळाने गाडी त्याच वळणावर येते: याला खरंच समजतं का? याला मन आहे का? आणि पुढची सगळी चर्चा त्याच एका खुंटीला टांगलेली राहते. एक पार्टी म्हणते ही नुसती पोपटपंची आहे, पुढचा शब्द कुठला येईल एवढंच गणित, त्यामुळे डेव्हलपरने घाबरायचं कारण नाही. दुसरी पार्टी म्हणते समजतंय त्याला, तुम्हाला मान्य करायचं नाहीये इतकंच, त्यामुळे कोड लिहिणाऱ्या माणसाचं काम आता संपलं. कँटीनमध्ये हेच, व्हॉट्सॅप ग्रुपवर हेच. दोघं एकमेकांच्या उरावर बसलेत, पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलीय, ती म्हणजे मशीनला मन आहे की नाही यावरच सॉफ्टवेअरचं पुढे काय होणार ते ठरतं.

मला हे अजिबात पटत नाही. एखादी सिस्टीम उभी राहते की कोसळते हे ठरतं ते ती सिस्टीम अशी का आहे हे कुणाच्या तरी डोक्यात नीट आहे का, आणि तो माणूस उद्या फोन उचलणार आहे का, यावरून. मशीनला मन आहे असं उद्या सिद्ध झालं तरी हा प्रश्न जागेवरच आहे, आणि नाही असं सिद्ध झालं तरी जागेवरच आहे. मनाची चर्चा करायचीच असेल तर आधी आमच्या, म्हणजे कोड सांभाळणाऱ्या माणसांच्या मनाची करा, कारण खरा बदल आत्ता तिथे होतोय आणि तिकडे कुणाचं लक्ष नाहीये.

हे नुसतं पुस्तकी बोलत नाहीये मी. आमचं एक जुनं प्रॉडक्ट आहे, दूध संकलन केंद्रांसाठी. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) लागतं, त्यावरून दर, दर गुणिले लिटर, आणि दहा दिवसांनी बिल. त्या बिलाच्या कोडमध्ये एक चाळीसेक ओळींचं फंक्शन होतं, दिसायला अगदी कसंतरी: फॅट शून्य आलं तर त्या शेतकऱ्याच्या मागच्या तीन वेळच्या फॅटची सरासरी धरायची, गाय-म्हैस वेगळं ठेवायचं, आणि हे सगळं फक्त संध्याकाळच्या दुधाला. वर एक ओळ कॉमेंट नाही. ते मॉड्यूल आम्ही एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः कोड वाचून-लिहून करणाऱ्या एआयला, साफ करायला दिलं. त्याने फार सुंदर साफ केलं, हे मी मनापासून म्हणतोय, इतका स्वच्छ कोड आमच्यात कुणी लिहिला नसता. शून्य फॅटचं दूध कसं असेल, म्हणजे रीडिंग चुकीचं, म्हणजे ती नोंद बाजूला काढायची, नीट एरर मेसेज द्यायचा, वर त्याच्या टेस्टही लिहिल्या, सगळ्या हिरव्या. रिव्ह्यू दोघांनी केला, त्यातला एक मी. आम्हाला ते बरोबर वाटलं कारण वाचायला ते बरोबरच होतं. दहा दिवसांनी बिलं निघाली आणि एका तालुक्यातल्या केंद्रांवरून फोन सुरू झाले. तिकडे संध्याकाळी लाईट जाते, लाईट गेली की फॅटचं मशीन बंद, आणि दूध काही परत पाठवता येत नाही, नासतं, म्हणून केंद्रवाला लिटर मोजून घेतो आणि फॅटच्या रकान्यात शून्य टाकतो. कितीतरी लोकांच्या तीन-तीन, चार-चार संध्याकाळचे पैसे बिलात आलेच नव्हते. एक बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "साहेब, दूध तर मी घातलंय, मग ते गेलं कुठं?" पैसे आम्ही पुढच्या बिलात भरून दिले, पण ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ज्या घरात दुधाच्या बिलावर किराणा येतो तिथे "पुढच्या बिलात देतो" याचा अर्थ काय होतो हे मला माहितीये, मी तशाच घरातला आहे.

आता सांगा, त्या एजंटला मन होतं की नव्हतं याने इथे काय फरक पडला असता? मन नव्हतं धरा, चूक झाली. जगातल्या सगळ्यात हुशार माणसाएवढं मन होतं धरा, तरी चूक झालीच असती, कारण तो हुशार माणूस संध्याकाळी सात वाजता त्या केंद्रावर टॉर्चच्या उजेडात दूध मापताना कधी उभा राहिलेला नाही. आणि नव्याने जॉईन झालेल्या एखाद्या हुशार पोराने हीच साफसफाई केली असती तर त्यानेही हेच केलं असतं. म्हणजे मन असलेला आणि मन नसलेला दोघं एकाच खड्ड्यात पडतात, मग खड्ड्याचं कारण मनात कसं शोधायचं?

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने इतकी स्वच्छ सांगून ठेवलीय की पॉडकास्टवाले त्याचं नाव का घेत नाहीत याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. पीटर नाउर, डेन्मार्कचा कॉम्प्युटर शास्त्रज्ञ, कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्याला २००५ साली मिळाला. १९८५ मध्ये त्याने एक निबंध लिहिला, त्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅमिंग म्हणजे कोड तयार करणं नव्हेच, प्रोग्रॅमिंग म्हणजे ते काम करणाऱ्यांच्या डोक्यात एक समज उभी करणं, तो तिला थिअरी म्हणतो: बाहेरच्या जगातली कुठली गोष्ट कोडमध्ये कुठे बसलीय, ती तशीच का बसवलीय, आणि उद्या नवीन मागणी आली तर कुठे हात घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही. कोड आणि डॉक्युमेंट हे त्या समजेचे मागे राहिलेले ठसे. त्याने उदाहरण दिलंय एका कंपायलरचं, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचं. एका गटाने तो लिहिला, दुसऱ्या गटाला तो थोडा वाढवून दुसऱ्या मशीनसाठी हवा होता. दुसऱ्या गटाकडे सगळा कोड होता, भरपूर डॉक्युमेंट होती, पहिल्या गटाचा सल्लाही मिळत होता. तरी त्यांनी सुचवलेले बदल असे असायचे की मूळ रचनेत सोय आधीच आहे ती त्यांना दिसायची नाही आणि वरून ठिगळं लागायची. पहिल्या गटाला ते बघताक्षणी कळायचं. पुढे पहिल्या गटाचा संबंध सुटला, आणि वर्षांनी बघितलं तर मूळ रचना अजून दिसत होती पण ठिगळांखाली निकामी झालेली. नाउरच्या मते ज्यांच्या डोक्यात ती समज आहे ती टीम मोडली की प्रोग्रॅम मेला, मग तो सर्व्हरवर कितीही वर्षं चालत राहो. हाच नाउर नंतर माणसाच्या मनाच्या अभ्यासाकडे वळला, ट्युरिंग पुरस्काराचं व्याख्यानही त्याने माणसाचा विचार आणि कॉम्प्युटिंग यातल्या फरकावरच दिलं. सॉफ्टवेअर आणि मन यांचा संबंध जोडणारा माणूस आपल्याकडे होता, फक्त त्याने तो सांभाळणाऱ्याच्या मनाशी जोडला, आणि आपण तीन-तीन तास भलत्याच मनाबद्दल बोलतोय.

मशीनच्या मनाचा प्रश्न फालतू आहे असं मात्र मी म्हणत नाही. त्या मशीनला दुखतं-खुपतं का, उद्या त्याला काही हक्क द्यावे लागतील का, हा नीतीचा गंभीर प्रश्न आहे, माणसाने जनावरांच्या बाबतीत तो विचारायला किती उशीर केला आणि त्यात किती क्रूरपणा झाला हे आपल्याला माहितीये, त्यामुळे तो आधीच विचारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण तो सुटायची वाट बघून बाकीचे निर्णय अडवता येत नाहीत, कारण तो सुटण्याची काही लक्षणं नाहीत. आपल्याकडे चार्वाक म्हणायचे की धान्य आंबवलं की त्यात जशी नशा येते तसं चार महाभूतं एकत्र आली की चैतन्य येतं, वेगळा आत्मा वगैरे काही नाही, आणि बाकीच्या दर्शनांनी त्यांच्याशी शतकानुशतकं वाद घातला. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि तो मिटेपर्यंत विहीर खणायला किंवा पूल बांधायला कुणी थांबलं नाही. कॉम्प्युटर शास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगचंच बघा, १९५० च्या ज्या लेखावरून हे सगळे मन-मन करतात त्या लेखात तो स्वतः म्हणतो की मशीन विचार करू शकतं का हा प्रश्न चर्चेच्या लायकीचा नाही इतका निरर्थक आहे, आणि त्याच्या जागी तो संभाषणाचा एक खेळ ठेवतो. दुसरं म्हणजे समोरच्यात मन दिसणं ही फार स्वस्त गोष्ट आहे. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉमने एमआयटीत एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला, तुम्ही लिहिलेलं वाक्यच थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, बस. त्याच्या सेक्रेटरीने त्याला कित्येक महिने ते बनवताना बघितलं होतं, तरी थोडा वेळ एलायझाशी बोलल्यावर तिने वायझेनबॉमलाच खोलीबाहेर जायला सांगितलं, आमचं खाजगी चाललंय म्हणून. २०२२ मध्ये गुगलच्या ब्लेक लेमोइनला लॅम्डा या गुगलच्याच गप्पा मारणाऱ्या एआय मॉडेलबद्दल तसंच वाटलं, आणि तो त्यातला जाणकार इंजिनियर होता. मी त्या दोघांनाही मूर्ख म्हणणार नाही. आपण माणसं अशीच आहोत, बोललं की मन दिसतं. पण मग या दिसण्यावर कामाचा निर्णय कसा सोडायचा?

इथे मला बर्लिनच्या एका घोड्याची आठवण होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा होता, बेरजा-गुणाकार करायचा, उत्तर खूर आपटून द्यायचा, आणि सगळं शहर वाद घालत होतं की घोड्याला बुद्धी आहे की मालक लबाड आहे. मालक लबाड नव्हता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टने शोधून काढलं की घोडा विचारणाऱ्याच्या अंगाची अगदी बारीक हालचाल वाचतो, बरोबर आकडा आला की माणूस नकळत सैल होतो, तिथे घोडा थांबतो. आणि हे कसं कळलं? विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तेव्हा घोडा चुकायचा, यावरून. मला या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं वाटतं, की घोड्याला मन आहे का या वादात सगळ्यांनी वर्षं घालवली आणि उलगडा झाला तो "उत्तर खोलीत कुणाला माहीत होतं" हे तपासल्यावर. आजची एआय मॉडेलं म्हणजे घोडा नव्हेत, त्यांना पुष्कळ काही स्वतःहून येतं, मी रोज बघतो. पण पॉडकास्टवर जेव्हा एखादा वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस सांगतो की मी नुसतं बोलतो आणि सिस्टीम तयार होते, तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा: बरोबर उत्तर कसं दिसतं हे तुझ्या डोक्यात आधीपासून होतं ना? मग ज्याच्या डोक्यात ते नाही त्याच्या हाती तेच दिलं तर? आमच्या दुधाच्या कोडचं हेच झालं, खोलीत उत्तर कुणालाच माहीत नव्हतं.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात जोरदार म्हणणं. ते म्हणतात, अरे, ही रड प्रत्येक पिढीने रडलीय. ग्रेस हॉपरने १९५२ मध्ये पहिला कंपायलर केला तेव्हा कॉम्प्युटर स्वतः प्रोग्रॅम लिहू शकतो यावर लोकांचा विश्वासच बसत नव्हता. जॉन बॅकसच्या टीमने आयबीएममध्ये फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणली, १९५७ मध्ये, तेव्हा हाताने मशीन कोड लिहिणारे म्हणायचे की आमच्याइतका चपळ कोड मशीनला जमणं शक्य नाही. ते चुकले. आज प्रोसेसरमधला कुठला रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) वापरला जातोय हे माझ्यासकट कुणाला माहीत नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. हे सगळं खरं आहे, शंभर टक्के. पण फोरट्रानने नेमकं काय काढून घेतलं ते बघा. मशीनची बडदास्त ठेवायचं काम काढून घेतलं, सूत्र मात्र तुमच्याच डोक्यात राहिलं, उलट ते जास्त स्वच्छ दिसायला लागलं. आणि कंपायलरला नियम आहेत, त्या भाषेतल्या वाक्याचा अर्थ काय हे ठरलेलं असतं, म्हणून खाली वाकून बघावं लागत नाही. एजंटला मी सांगतो "बिलाचं मॉड्यूल साफ कर", या वाक्यात शून्याचं काय करायचं ते नाही, पैशाचा शेवटचा अंक वर न्यायचा की खाली ते नाही, तारीख रात्री बाराला बदलते की सकाळच्या दुधाला ते नाही. ते सगळं तो ठरवतो, बहुतेक वेळा बरोबर ठरवतो, आणि ठरवलं हे मला कळतही नाही. कंपायलरने मला "कसं" पासून सोडवलं. हा "काय" मधलेही निम्मे निर्णय घेतो. दोन्हीला एकच नाव देऊन "इतिहासात असंच होतं" म्हणणं मला घाईचं वाटतं.

दुसरं म्हणणं याहून टोचणारं आहे: माणसांना तरी कुठे समजत होतं? कॉपी-पेस्ट करून, "चालतंय ना, मग हात लावू नको" म्हणत आपण वर्षानुवर्षं सिस्टीमी चालवल्यात, बँकांत असा कोड पडलाय ज्याचा लिहिणारा कधीच रिटायर झाला. हेही खरं आहे आणि मला ते मान्य करताना बरं वाटत नाही, पण आहे. यावर मला पैठणची गोष्ट आठवते. ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद म्हणवले ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती सांगताना रेड्याला वेद समजले का असं कुणी विचारत नाही. त्या दिवशी कमी पडलं ते नुसत्या पाठांतरावर मोठेपण मिरवणाऱ्यांचं मोठेपण. मशीन जेव्हा भराभर कोड ओकायला लागतं तेव्हा माझ्या मते तेच होतंय, कोड ओकणं ही कधीच या धंद्यातली खोल गोष्ट नव्हती हे उघडं पडतंय. ज्यांना तेवढंच येत होतं त्यांची भीती मला समजते, मीही कित्येक दिवस तेवढंच केलंय. पण माणसं पूर्वीही न समजता काम करत होती म्हणून आता समज नकोच, हा निष्कर्ष कुठून निघतो? आधीच पातळ होती ती समज, म्हणून तर काळजी.

तिसरं म्हणणं, आणि यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय: मग ती समज मशीननेच ठेवली तर? लाखभर ओळींचा कोड दहा मिनिटांत वाचून ते समजावून सांगतं, बारा वर्षं जुन्या प्रोसीजर मी त्याच्याकडून समजून घेतल्यात, ज्या मला एकट्याला महिनाभर उलगडल्या नसत्या. ही देणगी आहे, नाकारणारा करंटा म्हणावा लागेल. एआय संशोधक आंद्रे कारपथीने ऑक्टोबर २०२५ मध्ये द्वारकेश पटेलच्या पॉडकास्टवर एक गोष्ट सांगितली होती, ऐकताना मी गाडी बाजूला घेऊन परत ऐकली. त्याने नॅनोचॅट नावाचा आठेक हजार ओळींचा छोटा प्रोजेक्ट लिहिला, त्यात एक गोष्ट त्याने नेहमीच्या पद्धतीने न करता मुद्दाम स्वतःच्या पद्धतीने केली होती, आणि मॉडेलं सारखी त्याला नेहमीच्या पद्धतीकडे ओढत राहिली, कारण इंटरनेटवर सगळे तसंच करतात. त्याच कारपथीने नंतर दोन-तीन महिन्यांतच सांगितलं की आता त्याचं बहुतेक कोडिंग एजंटकडूनच होतं. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत आणि मला दोन्ही खरी वाटतात. म्हणजे क्षमता वाढतेय, झपाट्याने, आणि "हे त्याला कधीच जमणार नाही" यावर मी माझा मुद्दा उभा करणार नाही, तसं करणारे गेल्या काही वर्षांत बरेच तोंडावर आपटलेत. माझा मुद्दा साधा आहे. ते जे लिहिलेलं आहे तेवढंच वाचतं, आणि कारण बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. ४ जून १९९६ ला युरोपचं आरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. त्यातला एक कोड आरियान ४ मधून जसाच्या तसा उचलला होता, ६४ बिटचा आकडा १६ बिटांत कोंबणारा. आरियान ४ वर तो बरोबरच होता, कारण त्या रॉकेटचा आडवा वेग तेवढा जाऊच शकत नव्हता, हिशोब करून, विचार करूनच तिथे संरक्षण घातलं नव्हतं. चौकशी समितीच्या लक्षात आलं की या निर्णयामागचं कारण खुद्द कोडमध्ये कुठे नोंदलेलंच नव्हतं. कोड एका रॉकेटवरून दुसऱ्यावर गेला, कारण मागेच राहिलं. तो कोड वाचायला तुम्ही माणूस बसवा, मॉडेल बसवा, देवाला बसवा, कोऱ्या जागेवर काय वाचणार?

यावर हुशार माणसं म्हणतात, मग सगळे ईमेल, सगळ्या मीटिंगचं रेकॉर्डिंग, कस्टमरचे फोन, सगळं मॉडेलला द्या. द्या ना, मी स्वतः देतोय. पण तेव्हाही कुणीतरी योग्य प्रश्न विचारायला लागतो, आणि "हे फक्त संध्याकाळीच का" हा प्रश्न पडायला डोक्यात आधी काहीतरी असावं लागतं. शिवाय जबाबदारीचं काय? ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात होरायझन नावाची सिस्टीम होती, १९९९ पासून. ती हिशोबात तूट दाखवायची आणि खेड्यापाड्यातली छोटी पोस्टं चालवणाऱ्या माणसांवर चोरीचे खटले भरले जायचे, ९०० हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. तिथल्या कोर्टात गृहीतच धरलं जायचं की कॉम्प्युटर नीट चालतोय, नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. होरायझनला मन आहे असं कुणीही म्हणत नव्हतं, साधं हिशोबाचं सॉफ्टवेअर. तरी इतकी घरं उद्ध्वस्त झाली, कारण "हा आकडा असा का आला" हे त्या काउंटरवरच्या माणसाला समोर बसून सांगणारा आणि आपली चूक असू शकते म्हणणारा कुणी उभाच राहिला नाही. त्या पोस्टवाल्यांच्या जागी मला आमच्या दुधाच्या बाई दिसतात.

वेगाबद्दलही थोडं बोलतो, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. २०२५ मध्ये मीटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर प्रयोग केला, त्यांच्याच ओळखीच्या कोडवरची २४६ कामं, काही एआय वापरून काही न वापरता. एआय वापरलं तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. प्रयोग लहान होता, टूल तेव्हाची होती, आज आकडा वेगळा येईल, त्यामुळे मी तो कुणाच्या तोंडावर फेकणार नाही. मला हादरवणारी गोष्ट दुसरी होती: काम संपल्यावरसुद्धा त्या माणसांना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर आटोपलो. स्वतःच्या कामाबद्दलची स्वतःची जाणीव इतकी फसली. मनाचा अभ्यास करायचाय ना? मग हे मन घ्या अभ्यासाला.

पॉडकास्टवर हे का येत नाही याचं कारण मला वाटतं पाहुण्यांच्या यादीत आहे. येतात ते मॉडेल बनवणारे, कंपनी काढणारे, गुंतवणूकदार. त्यांच्या गोष्टीतला कोड हा नेहमी एका दुपारी जन्मलेला असतो. नऊ वर्षं तोच कोड सांभाळणारी, रात्री अडीचला प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती चालू सिस्टीम, पडलं म्हणून उठणारी, कस्टमरच्या गावाला जाऊन आलेली माणसं तिथे बोलावलीच जात नाहीत. पुण्यात, मुंबईत, बंगलोरमध्ये आपली मराठी पोरंपोरी हजारोंनी हेच सांभाळायचं काम करतात, दुसऱ्यांनी लिहिलेलं जिवंत ठेवायचं काम, आणि या वादातली खरी साक्ष त्यांचीच आहे असं मला मनापासून वाटतं. त्यांना कुणी माईक देत नाही, आणि तेही बिचारे त्या तीन तासांच्या गप्पा ऐकून स्वतःला विचारतात की माझी नोकरी राहील का. नोकरीचा प्रश्न खोटा नाही, पोट आहे, हप्ते आहेत. पण "एआयला समजतं का" याचं उत्तर त्यात मदत करत नाही. मॅनेजरसमोर "या सिस्टीममध्ये काय का आहे हे आज आपल्यात कुणाला सांगता येईल, नावं लिहा" असं म्हणून बघा, पुढची मीटिंग वेगळी होते.

त्या बिलाच्या प्रकरणानंतर आम्ही टीममध्ये एक गोष्ट सुरू केलीय. एजंटने लिहिलेलं काहीही आत घ्यायच्या आधी ज्याच्या नावावर ते जातंय त्याने लॅपटॉप बंद करून दुसऱ्याला तोंडी सांगायचं, काय बदललं आणि का. वेळ जातो, वरून ओरडा बसतो, तरी चालू आहे. मागच्या महिन्यात आमची एक ज्युनियर ते जुनं फंक्शन परत बसवत होती, सगळं सांगून झाल्यावर स्वतःच थांबली आणि म्हणाली, पण फक्त संध्याकाळीच का, लाईट तर सकाळीपण जात असेल ना. मला सांगता आलं नाही. आमच्या जुन्या सरांना, जे आता रिटायर होऊन सांगलीला असतात, फोन लावला तर म्हणाले, "अरे बाबा, दहा वर्षं झाली, मला नाही आठवत, केंद्रावर विचारा." मग तिनेच एका केंद्रवाल्याला फोन केला, स्पीकरवर. तो म्हणाला, "सकाळी लाईट गेली तर आम्ही प्रत्येकाच्या दुधाची बाटली भरून टँकरबरोबर चिलिंग सेंटरला पाठवतो ना ताई, तिथं फॅट लागतं, दुपारी आकडे येतात, मग आम्ही भरतो. संध्याकाळी टँकरच येत नाही." तिने ते तिथल्या तिथे टाईप केलं, मराठीत, त्याच्याच शब्दांत, आणि त्या फंक्शनच्या वर कॉमेंट म्हणून टाकलं.